सही वकिलाची, फाइल पॅरालीगलची

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या कुणा मराठी इंजिनिअरला विचारून पाहा, तुमचा इमिग्रेशन वकील कोण? बऱ्याच जणांना नाव आठवायला वेळ लागेल. पण ‘विद्यापीठाची मार्कशीट पुन्हा स्कॅन करून पाठवा’, ‘जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर आईचं नाव वेगळं का?’, ‘आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र लेटरहेडवरच हवं’ असे मेल जिच्याकडून येतात तिचं नाव तोंडपाठ असतं. त्या नावाखाली लिहिलेलं असतं : पॅरालीगल. अर्जाचा मसुदा तीच करते, पुरावे तीच क्रमाने लावते, मुदतीवर तीच नजर ठेवते. सही मात्र वकिलाची. आणि काही चुकलं तर जाबही वकिलालाच द्यावा लागतो.

काम एकाचं आणि जबाबदारी दुसऱ्याची, ही या व्यवसायातली खरी गोम. पॅरालीगलचं शिक्षण, पगार, तिच्यावरची बंधनं आणि तिच्या भवितव्याबद्दल आज चाललेला वाद, सगळं या एका व्यवस्थेतून निघतं. अमेरिकेत या कामाचं शिक्षण मोठ्या प्रमाणावर कम्युनिटी कॉलेजं देतात. तिथे स्थायिक झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या मराठी घरांतही कधी ना कधी हा प्रश्न निघतो : एलएल.बी. होऊन इथे आले, आता पुढे काय? दोन वर्षांचा हा कोर्स करावा का? उत्तर देण्याआधी हा पेशा आला कुठून ते पाहायला हवं.

कारकून वकिलाइतकाच जुना. पॅरालीगल मात्र १९६० नंतरची. १९६५ साली अमेरिकी सरकारने दारिद्र्यनिर्मूलनाच्या मोहिमेत गरिबांसाठी कायदेविषयक मदतीची केंद्रं सुरू केली. तिथे पक्षकारांची रीघ आणि वकील मोजके. मग वस्तीतल्याच चुणचुणीत माणसांना हाताशी धरून घरभाड्याचे तंटे, सरकारी मदतीचे अर्ज असली कामं शिकवली गेली. त्याच सुमारास मोठ्या फर्मना वेगळी अडचण जाणवत होती. तासावर फी लावणारा वकील कागद चाळत बसला तर अशील कुरकुरतो. तेच काम कमी दराच्या माणसाने केलं तर दोघांचं भागतं. गरिबांची गरज आणि फर्मचा हिशेब अशा दोन टोकांकडून हा पेशा जन्माला आला. त्यातला दुसरा धागाच पुढे जाड झाला, हे मला या इतिहासातलं दुर्दैव वाटतं.

१९६८ साली अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे एबीएने, वकिलांच्या बिगरवकील सहायकांसाठी समिती नेमली. १९७० साली फिलाडेल्फियात पॅरालीगल प्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था निघाली. १९७४ आणि १९७५ साली पॅरालीगलांच्या दोन राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या आणि १९७५ पासून एबीए स्वतः अभ्यासक्रमांना मान्यता देऊ लागली. त्याच वर्षी गोल्डफार्ब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांनी ठरवलेले किमान फीचे दर मोडीत काढले. दोन वर्षांनी बेट्स खटल्यात वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली. फीमध्ये स्पर्धा आली, आणि जिथे स्पर्धा येते तिथे स्वस्त हातांचा शोध सुरू होतो.

सगळ्यात मोलाचा निकाल मात्र १९८९ चा. ‘मिसुरी विरुद्ध जेन्किन्स’ हा मुळात कॅन्सस सिटीच्या शाळांतल्या वर्णभेदाचा खटला. त्यात जिंकलेल्या बाजूच्या वकिलांना फी किती द्यायची, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितलं, पॅरालीगलच्या तासांचे पैसे तिच्या पगाराच्या हिशेबाने न देता बाजारात तिच्या कामाचा जो दर आहे त्या दराने द्यावेत. तोवर पॅरालीगल म्हणजे कार्यालयाच्या खर्चातली एक ओळ होती. या निकालाने ती कमाईच्या रकान्यात गेली. कम्युनिटी कॉलेजांच्या वर्गांना खरं बळ मिळालं ते अशा निकालांमुळे.

आता ही कॉलेजं. अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक द्विवार्षिक कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथलं, १९०१ चं. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं सगळ्या देशभर विणावं असं सुचवलं आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. प्रवेशाला कट-ऑफ नाही, फी कमी, वर्ग संध्याकाळीही. लॉ स्कूलला कारकून शिकवण्यात रस नव्हता आणि विद्यापीठांना ते आपल्या पायरीचं वाटत नव्हतं. कम्युनिटी कॉलेजांनी ते उचललं. आज क्लीव्हलंडचं कायाहोगा, व्हर्जिनियातलं नॉर्दर्न व्हर्जिनिया, कम्युनिटी कॉलेज ऑफ फिलाडेल्फिया, न्यू जर्सीतलं बर्गन अशा कित्येक ठिकाणी हा विषय शिकवला जातो. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांच्या वस्तीत, एडिसनमध्येच, मिडलसेक्स कॉलेज आहे. तिथेही पॅरालीगलचा अभ्यासक्रम आहे.

वर्ग बघण्यासारखा असतो. नुकतीच शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलगी, तिच्या शेजारी घटस्फोटानंतर नव्याने उभी राहू पाहणारी चाळिशीतली बाई, लष्करातून परतलेला गडी, आणि एखादी भारतातली किंवा फिलिपीन्समधली वकीलसुद्धा. या पेशात बायकांची संख्या फार मोठी आहे, वर्गातही ते दिसतं. शिकवणारे बहुतेक त्याच गावातले वकील. दिवसभर कोर्ट करून संध्याकाळी सहाला वर्गावर येतात. यात फायदा असा की कालच्या सुनावणीत काय घडलं तेच आज शिकायला मिळतं. तोटा असा की शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती प्रत्येक वकिलाला येतेच असं नाही.

एबीएची मान्यता हवी असेल तर अभ्यासक्रम किमान ६० क्रेडिटांचा लागतो. त्यात किमान १८ क्रेडिटं इंग्रजी, समाजशास्त्र वगैरे सामान्य विषयांची आणि किमान १८ कायद्याच्या विषयांची. विषय नावांनी ओळखीचे आहेत : करार, दिवाणी अपकृत्यं, मालमत्ता, मृत्युपत्रं, कुटुंब कायदा, फौजदारी. एलएल.बी. झालेल्या माणसाला वाटेल, हे तर आपण शिकलोच आहोत. पण लॉ कॉलेजात कराराचं तत्त्व शिकवतात आणि इथे कराराच्या दाव्याची फाइल कशी उभी करायची ते शिकवतात. दावा दाखल करताना कुठला नमुना, किती प्रती, कुठल्या कोर्टात, समन्स कुणी आणि कसं बजावायचं, बजावल्याचं शपथपत्र कुठे जोडायचं, हा सगळा मामला हातांचा आहे.

आणि तारखांचा. अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत समन्स मिळाल्यापासून साधारणपणे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समोरच्या पक्षाला लेखी प्रश्न विचारायचे तर ते २५ पेक्षा जास्त नकोत, आणि त्यांची उत्तरं ३० दिवसांत. तोंडी जबानी एका दिवसात, सात तासांपर्यंत. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. पण ज्या दिवशी घटना घडली तो दिवस मोजायचा नाही. कागदावर हे सोपं दिसतं. एका कार्यालयात दोनशे फाइली, त्यातल्या निम्म्या राज्याच्या कोर्टात आणि तिथले नियम निराळे, अशी स्थिती आली की कळतं, तारीख सांभाळणं ही वेगळी नोकरीच आहे. ‘तारीख पे तारीख’च्या सवयीतून आलेल्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. एक तारीख चुकली की दावा एकतर्फी निकाली निघू शकतो, आणि अशिलाने वकिलावर भरपाईचा दावा लावायला तेवढं कारण पुरतं.

दुसरा धक्का ‘डिस्कव्हरी’चा. दावा दाखल झाल्यावर, पण प्रत्यक्ष सुनावणीपूर्वी दोन्ही बाजूंनी आपल्याजवळचे संबंधित कागद, ई-मेल, मेसेज एकमेकांना द्यायचे असतात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही प्रश्नावल्या आणि कागद उघड करण्याची तरतूद आहे, पण तालुक्याच्या कोर्टात तिचा वापर विरळाच. अमेरिकेत मात्र खटल्याचा बराचसा काळ आणि पैसा याच टप्प्यावर खर्च होतो, कारण बहुसंख्य दावे निकालापर्यंत जातच नाहीत, त्याआधीच तडजोडीत मिटतात. लाखभर पानांना क्रमांक घालणं, त्यातले वकील-अशील गोपनीयतेत मोडणारे कागद वेगळे काढून त्यांची यादी करणं, जबानीच्या तीनशे पानांचं दहा पानी टिपण तयार करणं, हे पॅरालीगलचं रोजचं काम. यासाठी कॉलेजात वेस्टलॉ, लेक्सिससारखे कायद्याचे डेटाबेस शिकवतात. एखादा निकाल सापडल्यावर तो अजून कायम आहे की वरच्या कोर्टाने फिरवलाय, ते पाहायची सवय लावतात. लेखनावर तर इतका भर असतो की हा इंग्रजीचा वर्ग आहे की कायद्याचा असा प्रश्न पडावा : मुद्दा काय, नियम काय, तो इथे कसा लागू होतो, निष्कर्ष काय. हेच चार टप्पे वर्षभर घोटायचे. कंटाळवाणं आहे. पण वकिलाला सकाळी नऊ वाजता हवं असतं ते नेमकं असंच टिपण.

या सगळ्यावर वरताण असलेला विषय म्हणजे नीतिनियम. त्यात पहिल्यांदा काय शिकवतात, तर कुठे थांबायचं. वकिलाचा परवाना नसताना वकिली करणं अमेरिकेत बेकायदा आहे, बहुतेक राज्यांत तर गुन्हाच. पॅरालीगलने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, अशील स्वीकारायचा नाही, फी ठरवायची नाही, कोर्टात उभं राहायचं नाही. फॉर्म कुठे मिळतो ते सांगता येतं, तुम्ही कोणता फॉर्म भरावा ते सांगता येत नाही. अपवाद थोडे आहेत : सामाजिक सुरक्षा विभागाच्या सुनावण्यांत बिगरवकील प्रतिनिधी चालतो, आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थांतल्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींना इमिग्रेशनची प्रकरणं चालवता येतात. एरवी रेघ पक्की. वीस वर्षं घटस्फोटाचीच कामं केलेल्या पॅरालीगलला उत्तर माहीत असतं, समोर रडणाऱ्या बाईला ते हवंही असतं, तरी ‘वकिलांशी बोलून सांगते’ एवढंच तिला म्हणता येतं.

गोपनीयतेचंही तसंच. आपल्याकडची पंचाईत वेगळीच. इमिग्रेशन फर्ममध्ये काम करणारी मराठी बाई गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीला जाते तेव्हा हॉलमधल्या पाच घरांची ग्रीन कार्डं कुठे अडकली आहेत ते तिला ठाऊक असतं. मोदक वाढताना कुणीतरी विचारतंच, ‘अहो, त्यांचं झालं का हो?’ अशा वेळी गप्प राहायचं, हे प्रात्यक्षिक कुठल्या कॉलेजात होत नाही.

एवढं शिकून हाती काय पडतं? इथे घोळ आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पॅरालीगल व्हायला परवाना लागत नाही. वकिलाने एखाद्याला खुर्चीवर बसवून ‘हा माझा पॅरालीगल’ म्हटलं की झालं. एरिन ब्रॉकोविच यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, निदान २००० सालच्या चित्रपटामुळे. कायद्याची पदवी नसताना त्यांनी हिंकली या गावातल्या दूषित पाण्याचं प्रकरण लावून धरलं आणि १९९६ मध्ये ते ३३.३ कोटी डॉलरच्या तडजोडीत मिटलं. उदाहरण स्फूर्तिदायक आहे. करिअरचा नकाशा म्हणून निरुपयोगी. आज मोठ्या शहरांतल्या फर्म पदवी नाहीतर प्रमाणपत्र मागतातच.

कॅलिफोर्नियाने मात्र २००१ पासून कायद्यानेच अटी घातल्या. तिथे स्वतःला पॅरालीगल म्हणवायचं असेल तर एबीए-मान्य अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, किंवा मान्यताप्राप्त संस्थेतली कायद्याच्या विषयांची किमान २४ युनिटं, म्हणजे क्रेडिटं, किंवा कुठलीही पदवी आणि वकिलाच्या हाताखाली वर्षभराचा अनुभव, यांपैकी काहीतरी हवं. शिवाय दर दोन वर्षांनी चार तास कायद्याचं आणि चार तास नीतिनियमांचं शिक्षण घेत राहायचं. नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या बारचं ऐच्छिक प्रमाणपत्र आहे, फ्लोरिडात नोंदणी आहे. राष्ट्रीय संघटनांच्या परीक्षाही आहेत. त्या नोकरीला अनिवार्य नाहीत, पण बायोडेटात शोभतात. एबीएची मान्यतासुद्धा ऐच्छिकच. देशभरात अडीचशेच्या आसपास अभ्यासक्रमांनी ती घेतली आहे. मान्यता नसलेलं प्रत्येक कॉलेज वाईट असतं असं नाही, कारण ती घेण्या-टिकवण्याचा खर्च छोट्या कॉलेजांना झेपत नाही. पण दोन पर्याय समोर असतील तर मान्यतेचाच घ्यावा.

सावध राहायचं ते नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांपासून. कोरिंथियन ही कंपनी ‘एव्हरेस्ट’ नावाने देशभर अशी कॉलेजं चालवत होती. पॅरालीगलचे वर्ग होते, टीव्हीवर जाहिराती होत्या आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावर प्रचंड कर्ज. २०१५ मध्ये ती कोसळली. २०२२ मध्ये सरकारने तिच्या साडेपाच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. त्याच्या शेजारी कम्युनिटी कॉलेजचा आकडा ठेवून पाहा : कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं वेगळी आणि ती महाग. बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना उत्पन्न कमी असेल तर केंद्राचं पेल अनुदान मिळतं, वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत. टेनेसीसारखी राज्यं तर प्रौढ विद्यार्थ्यांची कम्युनिटी कॉलेजची फीच भरतात.

पगाराचं म्हणाल तर अमेरिकी कामगार सांख्यिकी खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत पॅरालीगलचा मध्यक पगार वर्षाला ६१,०१० डॉलर आहे, वकिलाचा १,५१,१६०. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत एकट्याच्या ६१ हजारांत घर चालवणं अवघड. ओहायोत बरं चालतं. एक गोष्ट फारशी बोलली जात नाही : केंद्राच्या कामगार नियमांनुसार पॅरालीगल सहसा ओव्हरटाइमला पात्र असते, कारण तिचं काम स्वतंत्र निर्णयाचं मानलं जात नाही. व्यवसायाचा मान आणि ओव्हरटाइमचे पैसे यांतलं एकच मिळणार असेल तर काय घ्यावं, यावर या पेशात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. मी पैशांच्या बाजूने आहे.

याच खात्याचा पुढचा अंदाज फारसा उत्साहवर्धक नाही. २०२४ ते २०३४ या दशकात नोकऱ्यांची एकूण संख्या जवळपास आहे तिथेच राहील. दरवर्षी साधारण ३९ हजार जागा निघतील, पण त्या निवृत्त होणाऱ्यांच्या आणि पेशा सोडणाऱ्यांच्या.

कारण उघड आहे. हे काम दोन वाटांनी बाहेर चाललं आहे. पहिली वाट आपल्याच गावात आली. २००१ मध्ये सुरू झालेल्या माइंडक्रेस्ट या शिकागोच्या कंपनीने मुंबई-पुण्यात कार्यालयं थाटली. २००४ मध्ये निघालेल्या पॅन्जिया३ ने मुंबईत एलएल.बी. झालेल्या तरुणांना अमेरिकी खटल्यांचे कागद चाळायला बसवलं. वकिलाची देखरेख असेल तर असं काम बाहेर द्यायला हरकत नाही, असं एबीएने २००८ च्या मतपत्रात म्हटलं. पॅन्जिया३ पुढे २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने घेतली, माइंडक्रेस्ट २०२० मध्ये डीडब्ल्यूएफ या ब्रिटिश फर्मने. क्लीव्हलंडच्या पॅरालीगलचा स्पर्धक एकेकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या फर्ममध्ये बसायचा. आता तो पुण्यातही बसतो.

दुसरी वाट यंत्राची. २०२३ च्या गोल्डमन सॅक्सच्या अहवालात कायदा क्षेत्रातली ४४ टक्के कामं कृत्रिम बुद्धिमत्तेला करता येतील असा अंदाज होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संघीय कोर्टात ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. पहिला मसुदा आणि कागदांची चाळणी यंत्राकडे जाईल, जातेच आहे. पण निकाल खरा आहे का, पान बरोबर आहे का, तो अजून कायम आहे का, हे तपासायला वेस्टलॉ उघडणारं कुणीतरी लागणार. कॉलेजांनी अभ्यासक्रमाचा रोख तपासणीकडे वळवला पाहिजे. नुसतं फॉर्म भरणं शिकवणाऱ्या वर्गाची फी भरण्यात आता अर्थ नाही.

खरी आशा मला तिसऱ्याच बाजूला दिसते, जिथे हा पेशा सुरू झाला त्या बाजूला. अमेरिकेत वकील न परवडणाऱ्या फौजदारी आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९६३ च्या गिडियन निकालाने तो हक्क पक्का झाला. दिवाणी प्रकरणात तसा हक्क नाही. घरातून काढलं जात असेल, मुलाचा ताबा जात असेल, तरी वकील परवडत नसेल तर स्वतःच उभं राहायचं. लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या २०२२ च्या अहवालानुसार गरीब अमेरिकनांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांना पुरेशी किंवा कसलीच कायदेशीर मदत मिळत नाही. मग प्रश्न पडतो तो सरळ : भाडेकरूच्या साध्या तंट्यात वीस वर्षांच्या अनुभवी पॅरालीगलला उभं का राहू देऊ नये?

वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये मर्यादित परवान्याची योजना आणली. तयारी लांबलचक आणि महागडी ठेवली, त्यामुळे आले मोजकेच, आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच ती गुंडाळायचं ठरवलं. तरी इतरांनी धडा घेतला. यूटाने २०१८ मध्ये, अ‍ॅरिझोनाने २०२१ मध्ये अशा व्यावसायिकांना दार उघडलं. पाठोपाठ ऑरेगन आणि कोलोरॅडो आले. अ‍ॅरिझोनात परवानाधारकाला कुटुंब कायदा, छोटे दिवाणी दावे, तुरुंगवास नसलेले किरकोळ गुन्हे अशा ठरावीक क्षेत्रांत सल्ला देता येतो आणि कोर्टात उभंही राहता येतं. तिथपर्यंत पोचायला पॅरालीगलची दोन वर्षांची पदवी आणि अनुभव हा एक मान्य मार्ग आहे. म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा तोच वर्ग ओहायोत खुर्चीपर्यंत नेतो आणि अ‍ॅरिझोनात कोर्टाच्या पायऱ्या चढवतो.

कॅनडातल्या ऑन्टारियोची गोष्ट तर त्याहून निराळी. तिथे २००७ पासून पॅरालीगलला लॉ सोसायटीचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो मिळाल्यावर स्वतःचं कार्यालय थाटून स्मॉल क्लेम्स कोर्टात, वाहतुकीच्या खटल्यांत, घरमालक-भाडेकरू मंडळापुढे अशिलाची बाजू मांडता येते. ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या गोष्टींवर न्यू जर्सीतला निर्णय घेऊ नये, तो यासाठी.

आता मराठी वाचकाचा नेमका प्रश्न. तीन तऱ्हांची माणसं तो विचारतात.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बीमुळे एच-४ वर आलेल्यांना शिकायला अडचण नाही. नोकरी मात्र वर्क परमिट मिळेपर्यंत नाही, आणि ते २०१५ पासून मुख्यतः जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेल्यांना मिळतं. ताटकळण्याची ती वर्षं या कोर्सला लावणं शहाणपणाचं आहे.

एलएल.बी. होऊन सनद घेतलेल्यांनी आधी दुसरा हिशेब करावा. अशा परदेशी वकिलांना कॅलिफोर्नियात तिथलं कायद्याचं शिक्षण न घेता बारची परीक्षा देता येते. न्यूयॉर्कमध्ये अनेकांना त्यासाठी एलएल.एम. करावं लागतं आणि त्याचा खर्च छातीत धडकी भरवणारा. पॅरालीगलचा एका वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स करून फर्ममध्ये शिरायचं, तिथली पद्धत समजून घ्यायची आणि मग बारच्या परीक्षेला बसायचं, हा मार्ग मला सर्वांत व्यवहारी वाटतो. संपूर्ण दोन वर्षांची पदवी त्यांना सहसा लागत नाही. मात्र पॅरालीगलची क्रेडिटं लॉ स्कूलमध्ये धरली जात नाहीत. तो कोर्स म्हणजे वकिलीची अर्धी वाट, असा गैरसमज नको. आणि इमिग्रेशन फर्ममध्ये मराठीपेक्षा स्पॅनिश येण्याला भाव आहे, हेही ऐकून ठेवावं.

तिसरे म्हणजे इथून मुलाला किंवा मुलीला विद्यार्थी व्हिसावर या कोर्सला पाठवू म्हणणारे. त्यांना माझं सरळ उत्तर : नका पाठवू. फी परदेशी विद्यार्थ्याची भरावी लागेल, शिकल्यावर वर्षभर काम करता येईल, पण पुढे पॅरालीगलच्या नोकरीवर एच-१बी मिळणं फार कठीण आहे. त्या व्हिसाला विशिष्ट विषयातली चार वर्षांची पदवी आवश्यक असलेलं काम लागतं, आणि दोन वर्षांच्या पदवीवर मिळणारी ही नोकरी त्यात सहसा बसत नाही.

बाकी सगळ्यांना, काम करण्याचा हक्क असेल आणि कॉलेज सरकारी असेल तर, हा कोर्स कमी जोखमीचा सौदा आहे. नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा. एबीएची मान्यता आहे का? इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की तुम्हालाच शोधावी लागते? गेल्या वर्षीच्या मुलांना कुठल्या फर्ममध्ये नोकऱ्या लागल्या? आणि पुढे चार वर्षांची पदवी करायची झाली तर यातली किती क्रेडिटं धरली जातील, कारण ‘अप्लाइड सायन्स’च्या द्विवार्षिक पदवीची बरीच क्रेडिटं विद्यापीठं नाकारतात. उत्तरं तोंडी घेऊ नका, मेलवर मागवा.